काळीतलं देऊळ : दुरुस्तीची नोंदवही

9 जून 2024, रविवार

आज आमच्या चर्चमध्ये उपासना चालू असताना शेवटच्या बाकावर गिलाव्याचा पोपडा पडला. परातीएवढा. त्या जागेवर एरवी मंडळीतली सर्वांत म्हातारी आजी बसते. ती नातीच्या बाळंतपणासाठी अकोल्याला गेलेली होती म्हणून निभावलं. पाळकसाहेबांनी प्रवचन थांबवलं नाही, पण नंतरचा अर्धा तास ऐकत कोणीच नव्हतं. सगळ्यांचे डोळे वर.

उपासनेनंतर कडुनिंबाखाली बैठक. मापं एकदा लिहून ठेवते, पुढे कुणाला तरी लागतील. आतून 54 बाय 24 फूट, काळ्या दगडाच्या दोन फुटी भिंती, छत पेलणाऱ्या सागवानी कैच्या, वर मंगळूरी कौलं, पुढे घंटेपुरता छोटा मनोरा. मिशनच्या काळातलं बांधकाम. जुनी माणसं अजून ‘देऊळ’ म्हणतात, पोरं ‘चर्च’. वायव्येच्या कोपऱ्यात खिडकीच्या कमानीपासून वर गेलेली भेग आहे, तिच्यात माझी करंगळी जाते.

बैठकीत जे व्हायचं ते झालं. एक म्हणाले, पाडून स्लॅबचं बांधू. दुसरे म्हणाले, पीओपी करू, भेग झाकून जाईल. पुण्यात नोकरीला असलेल्या एका भावाने फोनवरूनच ग्रॅनाइटची फरशी जाहीर केली, टाळ्या पडल्या. मी खजिनदार, शिवाय हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलेलं, म्हणून बोलले : एक पावसाळा नुसतं पाहू. पाणी कुठून येतं ते कळल्याशिवाय रुपया खर्चायचा नाही.

“मॅडम, चार महिने नुसतं पाह्यतच रायचं काय?”

हो म्हटलं, पाहतच राहायचं. मग पाहायचं आणि लिहायचं, दोन्ही कामं माझ्याच गळ्यात पडली.

12 जून

भेगेवर चार ठिकाणी काचेच्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या. जुन्या तावदानातून कापलेल्या, दोन्ही टोकं भिंतीला पक्की, मधे भेग. प्रत्येकीवर मार्करने तारीख. भिंत केसभर हलली तरी काच तडकते. वरच्या बाजूला कौलं फुटलीत तिथे ताडपत्री.

23 जून, रविवार

पहिला खरा पाऊस. उपासना आटोपून छत्री घेऊन इमारतीला तीन फेऱ्या मारल्या. लोक हसले. पण जे पाहिलं ते असं :

छताचं पाणी पागोळ्यांनी थेट भिंतीच्या पायथ्याशी पडतं. ते वाहून जायला हवं, तर जाणार कुठे? समोरचा रस्ता दर चार-पाच वर्षांनी नव्याने काँक्रीट होतो, जुना न खोदता त्यावरच नवा. आज रस्ता आमच्या अंगणापेक्षा हातभर उंच आहे. त्यामुळे अंगणाचं पाणी बाहेर जाणं दूरच, रस्त्याचंच आत येतं आणि उत्तरेच्या भिंतीला चिकटून उभं राहतं. संध्याकाळी पाचला गेले तेव्हाही चार बोटं पाणी होतं, त्यात बेडूक.

14 जुलै, रविवार

दोन पट्ट्या तडकल्या. खालच्या दोन. वरच्या शाबूत.

शाळेत असते तर याच्यावर एक अख्खा तास घेतला असता. आमचा दर्यापूर तालुका म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी माती. विहीर खणली तरी लवकर मुरूम लागत नाही. ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आटते. मे महिन्यात शेताच्या भेगांमध्ये कोपरापर्यंत हात जातो. त्या मातीवर उभी असलेली भिंत दर वर्षी थोडी उचलली जाते, थोडी खाली बसते. सगळीकडून सारखी उचलली तर निभेल एक वेळ. इथे उत्तरेकडे पाणी साचतं आणि दक्षिणेकडे कोरडं, म्हणून एकच कोपरा वर-खाली होतो.

सासरे म्हणायचे, गाव पांढरीवर, शेत काळीत. पांढरी म्हणजे गावठाणाची पांढरट माती. जुन्या लोकांनी घरं नेहमी पांढरीवरच बांधली, उगाच नाही. मिशनला जागा मिळाली ती गावठाणाबाहेर, म्हणजे काळीत. आमच्या देवळाचं पहिलं दुखणं तिथलं आहे.

4 ऑगस्ट, रविवार

नागपूरहून जुन्या इमारतींचं काम करणाऱ्या वास्तुविशारद ताई आल्या. फी घेतली नाही, एसटीचं भाडंही नाही. दिवसभर लाकडी हातोडी घेऊन भिंतींवर टकटक करत होत्या. भरीव जागी आवाज बसका, पोकळ जागी डबा वाजवल्यासारखा. पूर्ण उत्तर भिंत डबा.

नंतर फूटभर चौकोन फोडून पाहिला. बाहेर सिमेंटचा गिलावा, दीड इंच जाड, दगडासारखा टणक. आत दगडांमधल्या दरजांतला जुना चुना ओला, बोटाने उकरला तर पिठासारखा हातात आला. ताई म्हणाल्या, जमिनीतली ओल भिंतीत चढते, ते चालायचंच. चुन्याचा गिलावा असला की ती बाहेर पडून वाळते. सिमेंट तिला बाहेर पडू देत नाही, मग ती आणखी वर चढते. त्यात आपला खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारट. ओलीबरोबर क्षार चढतात, सिमेंटच्या मागे त्यांचे खडे धरतात आणि गिलावा आतून ढकलून देतात. जूनमध्ये पडलेला पोपडा असाच ढकललेला होता.

हे लिहायला मला दोन दिवस लागले. तो सिमेंटचा गिलावा माझ्या बाबांनी केलेला आहे. मंडळीचे ‘वडील’ होते ते, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी. सरकारच्या एकाधिकार खरेदीचा कापसाचा चुकारा आला होता, त्यातून त्यांनी सिमेंटची पोती आणली. आईला त्या वर्षी लुगडं नव्हतं. वेदीच्या उजव्या हाताला, खिडकीखाली, ओल्या सिमेंटवर खिळ्याने कोरलेलं अजून दिसतं : ‘मंडळीच्या श्रमदानातून, मे 1994’. अक्षर बाबांचंच, ‘श्र’ला दोनदा गिरवलेलं. मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, माझ्या भावांनी आणि मी त्या गिलाव्यावर पाणी मारलंय.

2 सप्टेंबर

पोळा. आज काम नाही, उद्या तान्हा पोळा, उद्याही नाही.

15 सप्टेंबर, रविवार

पैशांची बैठक. हे सविस्तर लिहिते, कारण उद्या प्रश्न विचारणारे आजच्या बैठकीला आलेच नव्हते.

आमचा न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे, देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी 80जी मान्यता आहे. पण दोन हजारांवरची देणगी रोखीत दिली तर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा यूपीआयने. पावती प्रत्येकाला, दहा रुपयांचीसुद्धा. इमारत सरकारच्या संरक्षित यादीत नाही, त्यामुळे तिकडून ना निधी ना आडकाठी.

गावातलाच एक मुलगा आता ऑस्ट्रेलियाचा नागरिक आहे, त्याला दोन हजार डॉलर पाठवायचे होते. नाही म्हणावं लागलं. परदेशी पासपोर्ट असलेल्याचा पैसा कायद्याने परकीय निधी ठरतो आणि असा निधी घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी आमच्या न्यासाची नाही. त्याची बहीण कतारला नर्स आहे, पासपोर्ट भारतीय, पैसे स्वतःच्या कमाईतले, तिचे चालतात. तो फोनवर चिडला, “माही माय तिथंच पुरली हाय, अन् मी परका काय?” याला उत्तर नव्हतं. ऐकून घेतलं.

पुढचा मुद्दा पाट्यांचा. देणगीदारांची यादी पाहिली तर प्रत्येकाला काहीतरी दिसणारं द्यायचंय. फरशी, झुंबर, नवी वेदी, साउंड सिस्टीम. एकाने पंखे लिहून घेतले, पात्यांवर नाव घालणार असं म्हणाला, पंखा फिरायला लागला की कोण वाचणार देव जाणे. नालीला एक पैसा नाही. मी ठराव मांडला : दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत सगळा पैसा एकाच खात्यात, अमक्याचा अमक्या वस्तूसाठी असा घ्यायचा नाही, भिंतीवर कुणाच्या नावाची पाटी नाही. बहुमताने मंजूर. ग्रॅनाइटवाल्या भावाने देणगी मागे घेतली. दीड लाख होते ते. रात्री झोप आली नाही, पण ठराव बरोबर होता असं अजूनही वाटतं.

6 ऑक्टोबर, रविवार

खोदायला सुरुवात. जेसीबीवाला फुकट यायला तयार होता. ताईंनी फोनवर बजावलं की भिंतीपासून सहा फुटांत यंत्र आणायचं नाही. म्हणून कुदळ-फावडी. मंडळीची दहा-बारा पोरं, शेजारच्या बौद्धवाड्यातले चौघे, हनुमान मंडळाचे दोघे ज्यांना गणपतीत आमचा जनरेटर मिळतो. जेवण वरण-रोडगे आणि वांग्याची भाजी. रोडग्यांचा जगरा पेटवायचं काम बायकांनी मागितलंच नव्हतं, पण आपोआप त्यांच्याकडेच आलं. पुढच्या वेळी मी वेगळी पाळी लावणार आहे.

दुपारी दोनच्या सुमाराला, दोन फुटांवर, कुदळ दगडावर खणकली. आधी वाटलं पायाचाच दगड. माती काढली तर घडीव काळ्या दगडांची सलग रांग, मग समोर तशीच दुसरी, आणि मधे वीतभर रुंद पाट. तळाला फरश्या, पश्चिमेकडे उतार. नाली! बांधणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासूनच ती केलेली होती. इमारतीच्या तिन्ही बाजूंनी. वरून माती साचत गेली, रस्ता चढत गेला, तोंड बुजलं, आणि आमच्यापैकी कुणालाच ती असल्याचं माहीत नाही.

आता नवी बांधायची नाही, हीच उपसायची.

20 ऑक्टोबर

नाली सव्वाशे फूट मोकळी झाली. आत काय काय निघालं : बांगड्यांच्या काचा, शाईच्या दौतीचं झाकण, नाताळचा पत्र्याचा तारा, प्लास्टिकच्या पिशव्या असंख्य. रस्त्याखालून पाइप न्यायला ग्रामपंचायतीची परवानगी आठवड्यात मिळाली. गावच्या हार्डवेअरवाल्याने वीस फूट सिमेंटचा पाइप दिला आणि पावतीवर नाव नको म्हणाला. भिंतीलगत तीन फूट रुंदीचा पट्टा काळी माती काढून मुरुमाने भरायचा, बाहेरच्या बाजूला उतार ठेवून. मुरूम अचलपूरकडून ट्रकने. आमच्याकडे माती सोडून दुसरं काही निघत नाही.

27 ऑक्टोबर, रविवार

चुनकळी, म्हणजे भट्टीत भाजलेला चुन्याचा दगड, आली. वणीजवळच्या राजूरच्या भट्ट्यांतली, परतीच्या ट्रकमधून, म्हणून भाडं कमी पडलं. अचलपूरहून गवंडीबाबा आले. वय पंच्याहत्तर, बापजाद्यांपासून चुन्याचं काम. पहिल्यांदा इमारत पाहिली तेव्हा सिमेंटवर काठी वाजवून म्हणाले होते, “हौज कटोरा पाह्यला का बाई? परकोट पाह्यला? त्यात सिमेंटाचा कण नाही, अजून उभे हायेत. याले कायले घातलं सिमेंट?” हौज कटोरा आणि परकोट ही अचलपूरची जुनी बांधकामं. मी काही बोलले नाही.

चुना विझवणं पाहण्यासारखं असतं. खड्ड्यात आधी पाणी, मग त्यात कळी. कळीवर पाणी ओतायचं नाही. मिनिटभर काहीच होत नाही, मग खडे तडतडतात, फुटतात, आणि सगळा खड्डा पिठल्यासारखा रटरट शिजायला लागतो. वर चूल नाही, खाली जाळ नाही. भट्टीत दगडाने घेतलेली उष्णता तो आता परत करतो. गवंडीबाबा लांब दांड्याच्या पावड्याने ढवळत होते. लोण्यासारखा झाला की वर दोन बोटं पाणी ठेवून झाकायचा आणि विसरून जायचं. किमान महिना. जितका जुना तितका चांगला.

28 ऑक्टोबर

काल लिहिलं ते आनंदात लिहिलं. आज सकाळी दुसरा खड्डा विझवताना बारावीतल्या एका पोराच्या डोळ्यात चुन्याचा शिंतोडा गेला. ड्रममधलं नळाचं पाणी शेजारीच होतं. त्याला आडवा करून पापणी उघडी धरून वीस मिनिटं पाणी सोडत राहिलो, तो ओरडत होता तरी थांबलो नाही. मग तालुक्याला डॉक्टरकडे. बुबुळ वाचलं, थेंब दिलेत, तीन दिवसांनी पुन्हा दाखवायचं.

चूक माझी. सहा चष्मे मीच आणले होते. ते कपाटात होते आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. त्याच्या आईने मला एक शब्द लावला नाही, त्याचंच जास्त लागलं. यापुढे चष्मा नाही तर खड्ड्याजवळ पाय नाही, पाळकसाहेबांनाही नाही.

7 नोव्हेंबर

मजुरीसाठी बँकेतून 62,000 काढून परत येत होते. निवडणुकीची आचारसंहिता, नाक्यावर पथकाने गाडी थांबवली. पन्नास हजारांवर रोकड, कागद दाखवा. पासबुक, न्यासाचा ठराव, हजेरीपट, सगळं पिशवीत होतं, कारण मी खजिनदार आहे आणि मला रात्री हीच स्वप्नं पडतात. तासाभराने सोडलं. त्यातला एक शिपाई माझा विद्यार्थी निघाला. ओळख त्याने सुटका झाल्यावर दाखवली, आधी नाही. योग्यच केलं.

24 नोव्हेंबर, रविवार

हंगामाचा सण. दर वर्षी करतो, या वर्षी लिलावाचा पैसा दुरुस्तीला.

वर्ष वाईट आहे. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892, बाजारात चार हजार, सव्वाचार हजार. तरी वेदीपुढे जागा उरली नाही. संत्र्याचे क्रेट, तुरीच्या ओल्या शेंगा, कापसाचं गाठोडं, दोन कोंबड्या, घरचा गूळ, आणि एक कोहळं, पोरालाही उचलवणार नाही असं. लिलाव पुकारणारा भाऊ एरवी बाजार समितीत हमाल. “येक वार, दोन वार” म्हणताना तो थांबतो ना, त्या थांबण्यात शे-दोनशे वाढतात. कोहळं तीनदा विकलं गेलं. पहिल्याने 700 ला घेऊन परत वेदीवर ठेवलं, दुसऱ्याने 1,100 ला घेऊन तेच केलं, तिसऱ्याच्या बायकोने मात्र ते उचलून घरी नेलं. एकूण 48,760.

1 डिसेंबर, रविवार

कौलं उतरवली. पोरांची साखळी, हातोहात, एकेक कौल कोरड्या ब्रशने पुसून रचायचं. साडेतीन हजारांच्या आसपास, सहाशे फुटलेली.

एका पोराने आरोळी मारली, “सापडलं! 1865!” कौलाच्या पाठीवर इंग्रजीत बासेल मिशन आणि खाली 1865. तासाभरात गावभर झालं की देऊळ 1865 चं आहे. वाईट वाटलं, पण सांगावं लागलं : बासेल मिशन या स्विस-जर्मन संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना त्या साली काढला, ते साल कारखान्याचं आहे, कौलाचं नाही. मात्र कौल दुसरी एक गोष्ट सांगतं. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी बासेल मिशनची मालमत्ता ताब्यात घेतली आणि पुढे ते कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, छापही बदलला. आमच्या कौलांवर जुना छाप आहे, म्हणजे ती त्या युद्धाआधी भाजलेली. पोरं जरा हिरमुसली. मग त्यांतल्याच एकाने विचारलं, मंगळूरहून ही इथपर्यंत आली कशी? मूर्तिजापूरपर्यंत रेल्वे आणि पुढे बैलगाड्या, असं म्हातारे सांगतात. “मंग तवा फुटली किती असतीन!” हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

फुटक्या कौलांची सुरखी, म्हणजे चुन्यात मिसळायची भाजक्या मातीची पूड, करू असं मी सुचवलं होतं. गवंडीबाबा नाही म्हणाले. ही कौलं कडक भाजलेली, सुरखीला कमी भाजलेली वीट लागते, तीच चुन्याला धरते. भट्टीवरून कच्चट, पिवळट विटा आणून कुटल्या.

कैच्या जवळजवळ सगळ्या ठणठणीत. फक्त दोन वाशांची भिंतीतली टोकं उधईने खाल्लेली. वरून रंग शाबूत, आत बोट घातलं की भुसा. तेवढीच टोकं कापून परतवाड्याहून आणलेल्या सागाचे सांधे मारले. सुतार म्हणाला, नवीन साग याच्यापुढे काहीच नाही, जुन्याला रंधा मारताना अजून तेल सुटतं.

17 डिसेंबर

सिमेंट उतरवणं दहा दिवस चालू आहे. छन्नी-हातोडा, ड्रिल नाही. दिवसाला एका माणसाचं आठ-दहा चौरस फूट होतं, धूळ नाकात जाते ती वेगळी.

आज वेदीजवळचा भाग आला. गवंडीबाबांनी विचारलं, हे अक्षर ठेवू का? ताईंना फोन केला. तिथेच सगळ्यांत जास्त ओल आहे, निघायला हवं, म्हणाल्या. मी म्हटलं मग मी काढते. कडेकडेने छन्नी मारत गेले, अख्खा तुकडा निघावा म्हणून. तीन तुकडे झाले. ‘श्रमदानातून’ मधे चिरलं. उलटं करून पाहिलं तर पाठीला पांढऱ्या क्षाराचा थर, मिठागरासारखा, आणि बाबांच्या अंगठ्याचा नव्हे, नुसता थापीचा ठसा. कशाला अंगठा शोधत होते कुणास ठाऊक. तुकडे पोत्यात भरून घरी आणले. ह्यांनी विचारलं ठेवायचे कुठे? अजून ओसरीतच आहेत.

25 डिसेंबर

नाताळ. गिलाव्याशिवाय, उघड्या दगडांत. कौलं निम्मीच चढलेली, अर्ध्या छतातून आभाळ. आवाज इतका घुमत होता की कॅरलवाल्यांनी ठेका दोनदा चुकवला. अकोल्याहून आलेली आजी म्हणाली, तिच्या लहानपणी देऊळ असंच गार असायचं.

12 जानेवारी 2025, रविवार

दरजा भरणं अर्ध्यावर. एक भाग चुना, एक सुरखी, दोन भाग रेती, थोडं गुळाचं पाणी. बेलफळ, मेथी, उडदाची डाळ यावर गवंडीबाबा आणि सुतार यांच्यात तासभर वाद झाला, दोघांचेही आजोबा साक्षीला होते.

आधी एक फसलेली गोष्ट लिहिते. डिसेंबरात नमुन्याचा तुकडा केला होता तो बोअरच्या पाण्यात. आठ दिवसांत त्यावर पांढरी बुरशी आल्यासारखी आली. गवंडीबाबांनी वाकून भिंतीला जीभ लावली. “खारट.” झालं. खारपाणपट्ट्यातली बाई मी, भांडी कशाने घासायची आणि डाळ कशात शिजवायची हे पोरींना शिकवते, आणि चुन्यात बोअरचं पाणी घालते! आता सगळं काम शहानूर धरणाच्या नळाच्या पाण्यात. नळ एक दिवसाआड येतो, म्हणून घराघरातून ड्रम.

चुना सिमेंटसारखा रात्रीत कडक होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू घेत पुन्हा दगड होतो, आणि ते व्हायला त्याला ओल लागते. आपल्या कोरड्या हवेत तो आधीच वाळला तर पीठच राहतो. म्हणून ओली पोती टांगायची आणि दिवसातून तीनदा पाणी शिंपडायचं. यासाठी पाळ्या लावल्या. मोठ्यांच्या पाळ्या चुकतात, कापूस वेचणी सुरू आहे. पाचवी-सहावीच्या पोरांची एकही चुकलेली नाही. डोळ्याला लागलेला पोरगा चष्मा घालून त्यांचा मुकादम झालाय.

9 फेब्रुवारी, रविवार

हिशेब वाचून दाखवला. जमा 6,41,210, लिलाव धरून. खर्च 5,87,935. सगळ्यांत मोठा आकडा मजुरीचा. नाली, मुरूम आणि पाइपची बसवणी मिळून 1,14,300, आणि नालीसाठी म्हणून आलेली देणगी एकच, तो वीस फूट पाइप. चुना अख्ख्या कामाला लागला तो सिमेंटपेक्षा महाग पडला का, असं विचारलं गेलं. सामान स्वस्त, हात महाग, असं सांगितलं.

बाकी राहिलेलं : पूर्वेची भिंत आतून, घंटेचा लाकडी आडवा, फरशी. फरशी जुन्या शहाबादीचीच, उखडून पुन्हा बसवायची.

30 मार्च

चुन्याचं काम बंद केलं. ऊन चाळीसला टेकलं, पोती अर्ध्या तासात वाळतात. गवंडीबाबांना शाल देणार होतो, ते म्हणाले शाल नको, बूट द्या, आठ नंबर. पूर्वेची भिंत दिवाळीनंतर.

भेग चुन्याने शिवून घेतली आहे, मधे आडवे लांब दगड घालून. तिच्यावर पुन्हा चार काचा.

22 जून, रविवार

जोराचा पाऊस, सकाळी सात ते दहा. उपासनेला माणसं कमी. छत्री घेऊन निघाले तर मागे पाच-सहा पोरं, त्यांच्याकडे छत्र्याही नाहीत.

पागोळ्यांचं पाणी मुरुमावर पडून नालीत उतरत होतं, नालीतून पश्चिमेला, पाइपातून रस्त्यापलीकडे. पाइपाच्या तोंडाशी कुणीतरी कडबा टाकला होता तो पोरांनी हाताने ओढून काढला. उत्तर भिंतीशी पाणी उभं नाही. बेडूक आहे, तो नालीत.

मग काचा पाहिल्या. खालच्या तीन शाबूत. सगळ्यांत वरची तडकली आहे, कोपऱ्यातून, केसाएवढी. ताईंना फोटो पाठवला. मातीला नवं अंगवळणी पडायला दोन-तीन पावसाळे लागतील, नोंद ठेवत राहा, असं उत्तर आलं. पुण्याहून त्या भावाचाही फोन होता, ग्रॅनाइटचं अजून मनात आहे म्हणे. पूर्वेच्या भिंतीला 70,000 कमी पडताहेत असं मी त्याला सांगितलं. विचार करतो म्हणाला.

तडकलेली काच तशीच ठेवली. तिच्याखाली चार बोटांवर नवी लावली. तारीख 22 जून 2025.